गार बाजू

२ नोव्हेंबर

हिवाळी वेळेप्रमाणे घड्याळं एक तास मागे घेतली. मिळालेला तास गॅरेज आवरण्यात घालवला.

पद्मिनीची गाडी आजपासून बाहेर उभी राहील. तिला तसं सांगितलं.

"आणि तुझी?"

"माझ्या गाडीच्या बॉनेटवर सामान मांडलंय. ती टेबल म्हणून लागते."

"ऐन हिवाळ्याच्या तोंडावर बायकोची गाडी बाहेर काढणारा नेपरव्हिलमधला तू पहिलाच."

मग तिने कपाटातून बर्फ झाडायचा ब्रश शोधून माझ्या हातात दिला. तिची गाडी रोज सकाळी मी झाडायची असं ठरलं. हे कधी ठरलं ते मला कळलं नाही.

४ नोव्हेंबर

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. त्याआधी एकतीस वर्षं रंग आणि गोंद. लोकांना रंग म्हणजे छटा वाटतात. रंग म्हणजे एक पॉलिमर, त्यात कालवलेली पावडर, आणि ही दोघं भिंतीवर एकत्र राहतील की नाही याची काळजी. मी आयुष्यभर ती काळजी केली. म्हणून नवं काम मला जमेल असं वाटतं.

काम असं. काही पदार्थांचं एक टोक गरम आणि दुसरं गार ठेवलं की त्यातून वीज निघते. गरम टोकाकडचे विद्युतकण गार टोकाकडे सरकतात. मंडळाच्या दिवाळीला शाळेच्या हॉलमध्ये जेवणाच्या बाजूला उकडायला लागलं की माणसं दाराकडे सरकतात, तसे. दाराशी दाटी होते. ती दाटी म्हणजे व्होल्टेज. अडचण अशी की माणसांच्या मागोमाग उकाडाही दाराशी येतो. सगळा हॉल सारखाच उकडला की कुणी हलत नाही. जिथे आहेत तिथे उभे राहून सगळे घरांच्या किमतींबद्दल बोलतात.

तेव्हा पदार्थ असा हवा की वीज जाऊ देईल आणि उष्णता अडवील. धातू दोन्ही जाऊ देतात. प्लॅस्टिक दोन्ही अडवतं. उपाय म्हणजे दोन स्वभाव एकत्र आणणं. वीज वाहणारं एक पॉलिमर पाण्यात मिसळून बाटलीत मिळतं. शाईसारखं निळं असतं. त्यात बिस्मथ आणि टेल्युरियमची करडी पावडर घालायची. पावडर कामसू पण ठिसूळ. पॉलिमर लवचीक पण आळशी. दोघांच्या हद्दीवर उष्णता अडखळते आणि वीज तितकी अडखळत नाही. निदान शोधनिबंधांत तरी.

संध्याकाळी हे सगळं पद्मिनीला सांगितलं. ती कारल्याच्या बिया काढत होती. ऐकत नव्हती.

८ नोव्हेंबर

संकष्टी. साबुदाण्याची खिचडी.

पद्मिनीने मध्येच चमचा खाली ठेवला. "लसूण कुठे खाल्लास?"

"खाल्ला नाही."

"शैलेंद्र, वास येतोय."

"आज उपास आहे."

"म्हणूनच विचारतेय."

ती हॉस्पिटलात फार्मसिस्ट होती. उठली, गॅरेजमध्ये गेली, बरणीवरचं लेबल वाचून परत आली. टेल्युरियम अंगात गेलं की श्वासाला लसणाचा वास येतो म्हणाली. मी पावडर मास्क न लावता घोटली होती.

"किती घोटलीस?"

"थोडी."

"उपास मोडला नाहीस, एवढं तरी खरं निघालं."

तिने मास्कचा खोका, हातमोजे आणि माझी उशी आणून दिली. वास जाईपर्यंत मुक्काम गेस्ट रूममध्ये. तिथे हीटिंग नीट पोचत नाही. मला ते बरंच. पद्मिनी थर्मोस्टॅट फॅरनहाइटच्या चौऱ्याहत्तरवर ठेवते, मी सदुसष्टवर. आमच्या संसारात देव, राजकारण, मुलगी कशावरून वाद झाले नाहीत. त्या सात अंशांवरून होतात.

१६ नोव्हेंबर

नीनाचा फोन. आमची मुलगी दूर दक्षिणेत शुगर लँडला हाडांची डॉक्टर आहे. एप्रिलमध्ये बाळ होईल. तिच्याच रस्त्यावर एक घर विकायला निघतंय.

"बाबा, इट्स परफेक्ट. जिना नाही. गुडघ्यांचा विचार करा."

"माझे गुडघे ठीक आहेत."

"आय मीन आईचे."

"माझं काम चालू आहे."

"व्हॉट काम?"

पद्मिनीने फोन घेतला. "बाबा गॅरेजमध्ये लसूण पिकवतात." दोघी बराच वेळ हसल्या. मग पद्मिनी फोन घेऊन आत गेली आणि तिथून हसण्याचा आवाज आला नाही.

शुगर लँडबद्दल माझी तक्रार नाही. फक्त तिथे ऑक्टोबरात पेटीतलं टपाल आणायला गेलेला माणूस पाऊस नसताना भिजून येतो. शिवाय तिथे मी कोण? डॉक्टरबाईंचे वडील. इथे कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मला नावाने हाक मारतात. 'शेली' म्हणतात, पण हाक मारतात.

२३ नोव्हेंबर

मिश्रण पातळ पसरून वाळवलं की पट्टी होते. पहिल्या पट्टीत पावडर जास्त झाली. वाळल्यावर पापडासारखी मोडली. दुसरीत कमी घातली. ती सुंदर वाकते. वीज अजिबात नाही.

जेवताना पद्मिनी म्हणाली, "मार्चमध्ये घर विकायला काढू. स्प्रिंगमध्ये लवकर जातं."

"प्रयोग अर्धवट आहे."

"कधी पूर्ण होईल?"

"विज्ञानात असं सांगता येत नाही."

"मग मी सांगते. संक्रांतीचं हळदीकुंकू. तुझ्या पट्टीने दिवा लावून दाखव. घरात, सगळ्यांसमोर, बॅटरी न लावता. लागला तर इथेच राहायचं. मी बाळंतपणापुरती जाईन आणि परत येईन. नाही लागला तर अंगणात विक्रीची पाटी लावायची."

"केवढा दिवा?"

"दिसला पाहिजे."

आम्ही हात मिळवले. तिचा हात गार होता. तिचे हात नेहमीच गार असतात.

६ डिसेंबर

प्रमाण जमलं. पट्टी वाकते आणि मीटरवर आकडाही येतो. पण टिकत नाही. गरम कपाला पट्टी चिकटवली की क्षणभर आकडा चढतो आणि विरतो. पट्टी फार पातळ आहे. खालची बाजू तापली की लगेच वरचीही तापते. हॉलमध्ये दोन्हीकडे सारखंच उकडतं.

संध्याकाळी एका लग्नाच्या रिसेप्शनला जायचं होतं. पद्मिनी साडी नेसत होती. मी नेहमीप्रमाणे खाली बसून निऱ्या धरल्या आणि माझी अडचण तिला सांगितली. ती आरशात बघत काहीतरी म्हणाली. पातळ कापड आडवं टाकलं की दोन्हीकडे सारखंच लागतं, उभ्या निऱ्या घातल्या की एक कड अंगाशी राहते आणि एक बाहेर, असं काहीतरी. साडीचं काहीतरी होतं. माझं लक्ष नव्हतं.

७ डिसेंबर

आज सकाळी दात घासताना मला एकदम सुचलं. पट्टी आडवी ठेवायचीच नाही. तिच्या उभ्या घड्या घालायच्या, मध्ये लोकर भरायची. प्रत्येक घडीची एक कड गरम वस्तूला टेकेल आणि दुसरी हवेत राहील. अंतर मिळालं की फरक टिकेल.

असं सुचण्यामागे एकतीस वर्षांचा अनुभव असतो.

पद्मिनीला सांगितलं. ती म्हणाली, "वा."

१३ डिसेंबर

दंडाला बांधायचा पट्टा तयार झाला. राजेशने त्याला एक छोटं सर्किट जोडून दिलं. ते थोडं थोडं व्होल्टेज गोळा करून दिव्याला पुरेल एवढं वाढवतं. राजेश आणि आसावरीवहिनी आमचे इथले सर्वांत जुने स्नेही. राजेश वीज कंपनीतून निवृत्त झाला. ज्यात शॉक बसत नाही ती वीज नव्हे, असं त्याचं मत आहे.

अर्ध्या बाह्यांच्या शर्टात घरामागच्या उघड्या लाकडी डेकवर गेलो. बाहेर फॅरनहाइटचे पाच अंश. पट्टा दंडाला बांधला. दिवा लागला. लाल, मसुरीच्या दाण्याएवढा. माझ्या अंगातल्या उष्णतेवर.

काच वाजवली. पद्मिनी आत सिंकपाशी होती. मी दिव्याकडे बोट दाखवलं. तिने माझ्या कोटाकडे बोट दाखवलं. मी पुन्हा दिव्याकडे. ती पुन्हा कोटाकडे.

आत आलो तर चष्म्यावर वाफ धरली. चष्मा पुसून बघेपर्यंत दिवा गेला होता. तिचे चौऱ्याहत्तर अंश.

"म्हणजे आतली बाजू गरम हवी आणि बाहेरची गार," पद्मिनी म्हणाली.

"महिनाभर मी हेच सांगतोय."

"गरम तर तू असतोसच." तिने कॉफीचा कप माझ्या हातात दिला. "गार बाजूचंच बघायला हवं."

तिला विषयाची थोडी गोडी लागते आहे.

३ जानेवारी

घरातली हवा गार करता येत नाही. तेव्हा गरम बाजू आणखी गरम करायची. उरलेलं सगळं सामान वापरून लांब पट्टा केला आणि स्टीलच्या पातेल्याभोवती गुंडाळला. पातेल्यात उकळता चहा ओतला. पद्मिनी दुकानात गेली होती, तेवढ्यात थर्मोस्टॅट सदुसष्टवर आणला. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

ती आली तेव्हा तिला दाखवला. घरात, बॅटरी न लावता. बाकी फक्त सगळ्यांसमोर उरलं.

तिने थोडा वेळ पाहिलं. "नीनाला काय सांगायचं?"

"सांग, उन्हाळ्यात इकडे ये."

"उन्हाळ्यात बाळ लहान असेल. त्याला घेऊन ती विमानात बसणार?"

"मग पुढच्या उन्हाळ्यात."

"तोवर ते चालायला लागलेलं असेल."

"चालत येईल."

ती हसली नाही. ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छ होता.

१७ जानेवारी

जे घडलं ते क्रमाने लिहितो.

दुपारी माणसं जमली. बायका काळ्या साड्यांत वर, पुरुष नेहमीप्रमाणे तळघरात टीव्हीसमोर, प्लेट घेऊन. बाहेर शून्याखाली. पद्मिनीने थर्मोस्टॅट अठ्ठ्याहत्तरवर नेला. मी हरकत घेतली. ती म्हणाली, मंडळातल्या मालिनीताई येणार, त्या ऐंशी वर्षांच्या आहेत. ऐंशी वर्षांच्या बाईपुढे विज्ञान काय बोलणार. तरी उकळता चहा आणि अठ्ठ्याहत्तर यांत भरपूर अंतर होतं. मी निर्धास्त होतो.

डायनिंग टेबलवर पातेलं ठेवलं. पट्टा बांधला, चहा ओतला, वर झाकण ठेवलं आणि पुरुषांना बोलवायला खाली गेलो. खाली फुटबॉलची मॅच अटीतटीला आली होती. अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन मिनिटं उरली म्हणजे किती वेळ लागतो हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

वर आलो तर टेबलवर पातेलं नव्हतं. एक गाठोडं होतं.

"किती वेळ असंच टाकलंत, भावजी," आसावरीवहिनी म्हणाल्या. "गार होत होतं. मी गुंडाळून ठेवलं. हात लावून बघा, अजून कढत आहे."

आधी पोळ्यांच्या डब्यातलं फडकं. त्यावर मोठा टॉवेल. त्यावर पद्मिनीने नीनाच्या बाळासाठी शिवलेली गोधडी.

"वहिनी, ते गार व्हायला हवं होतं."

"चहा?"

"बाहेरची बाजू."

"आत गरम ठेवायचं आणि बाहेर गार? मग गरम ठेवायचं कशाला?"

राजेश म्हणाला, "आसावरी, तू पोळ्यांचं शास्त्र लावलंस. याचं शास्त्र वेगळं आहे. याचा चहा गार होतो तेव्हा याला फळ मिळतं."

गाठोडं सोडलं. आत वाफ कोंडली होती. निऱ्या भिजून फुगल्या होत्या. पॉलिमर पाण्यातून आलेलं, पाण्यात परत निघालं होतं. गोधडीच्या कोपऱ्यात निळा डाग पडला होता. दिवा बंद.

सगळे गोल करून बघत होते.

"लागला का?" मालिनीताईंनी विचारलं.

"अजून नाही."

"कुठे बघायचं?"

"इथे."

"हे बटण आहे ना?"

"हाच दिवा आहे, ताई."

"अच्छा." त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "आणि मग प्रकाश कुठे पडणार?"

मी गॅरेजमधून दंडाचा पट्टा आणला. कुडत्याची बाही वर करून बांधला. अठ्ठ्याहत्तर अंशांत त्याला काय मिळणार. मिळालं नाही.

"बाहेर लागतो हा," मी म्हणालो.

"मग चल बाहेर," राजेश म्हणाला.

"घरात ठरलंय."

"बर्फ लाव त्याला."

"भिजला की संपला. तो गेला तसा हाही जाईल."

 आसावरीवहिनी फडक्याची घडी घालत होत्या. इथे येऊन माझी सदतीस वर्षं झाली. या घरात एवढी शांतता मी ऐकली नव्हती.

पद्मिनी हळदीकुंकवाचं तबक घेऊन समोर उभी होती. पैज ती जिंकत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद असायला हवा होता. तो मला दिसला नाही, पण माझ्या चष्म्यावर चहाची वाफ होती. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि तबक खाली ठेवलं.

"श्रीखंड बाहेर राहिलंय," म्हणाली आणि काचेचं दार सरकवून डेकवर गेली.

हिवाळ्यात आमचा डेक म्हणजे दुसरा फ्रिज. तरी ही काय श्रीखंडाची वेळ, असं मला वाटलं. अंगात कोट नाही, हातात मोजे नाहीत. तिचं हे नेहमीचं.

वेळ काढायला मी सगळ्यांना हॉलचं आणि दाराचं उदाहरण देऊन सिद्धान्त समजावून सांगितला. मालिनीताईंना झोप लागली. काचेतून पद्मिनीची पाठ दिसत होती. कठड्यावरच्या बर्फात दोन्ही हात घालून डबा शोधत होती. बराच वेळ शोधला. मग आत आली. हात पदराला पुसत होती, फार नीट, बोटांच्या मधूनसुद्धा.

"मिळालं नाही?" मी विचारलं.

"काय?"

"श्रीखंड."

"अगं, हे काय इथे टेबलवर," आसावरीवहिनी म्हणाल्या.

"हो का," पद्मिनी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बघू, काय बिघडलंय." आणि तिने दोन्ही हातांनी माझा दंड पट्ट्यावरून घट्ट धरला.

दिवा लागला.

"लागला," राजेश म्हणाला. या विषयावर त्याने उपहास न करता उच्चारलेला हा पहिला शब्द. टाळ्या पडल्या. टाळ्यांनी मालिनीताई जाग्या झाल्या आणि त्यांनी पुन्हा विचारलं, लागला का. या वेळी सगळ्यांनी मिळून हो सांगितलं.

मी लगेच निऱ्यांच्या रचनेकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. पद्मिनीचे दात वाजत होते. मी तिला म्हटलं, बाहेर जाताना मोजे घालत जा. ती हो म्हणाली. हात मात्र सोडेना. शेवटी मीच म्हटलं, पुरे, सगळ्यांनी पाहिलं.

पैज मी जिंकली.

१८ जानेवारी

गोधडीवरचा निळा डाग जात नाही. पद्मिनी म्हणाली राहू दे.

सकाळी ती बेडरूमचं दार लावून नीनाशी बोलली. आम्ही इथेच राहणार हे सांगितलं असावं. बाहेर आली तेव्हा नाक लाल होतं. काल डेकवर उभं राहून सर्दी झाली. मी आल्याचा चहा करून दिला.

२२ जानेवारी

एकदा मिळालेला निकाल पुन्हा मिळाला नाही तर तो निकालच नव्हे. पद्मिनीला बसवून प्रयोग परत केला. थर्मोस्टॅट तिच्या संमतीने सदुसष्टवर. तिने पट्टा धरला. दिवा नाही. दोन्ही हातांनी धरला. नाही.

तिच्या तळहाताचं तापमान घेतलं. माझ्याहून थोडंच कमी निघालं. दिव्याला एवढं पुरत नाही.

"त्या दिवशी फार गार होते," मी म्हणालो.

"बाहेर जाऊन आले होते ना."

"श्रीखंडासाठी."

"हो."

"ते आत होतं."

"हो," ती म्हणाली. "झालं का? मला कुकर लावायचाय."

निरीक्षण: त्या दिवशीचा निकाल परत मिळत नाही. कारण: अज्ञात.

२३ जानेवारी

सकाळी तिची गाडी झाडली. डेकही झाडायला घेतला. शनिवारनंतर बर्फ पडलेला नाही आणि थंडी उतरलेली नाही, त्यामुळे आहे ते जसंच्या तसं गोठलं आहे.

कठड्यावर दोन हातांचे ठसे आहेत. तळवे पूर्ण उमटलेले, बोटं पसरलेली, खोल. हलल्याची खूण कुठेही नाही.

डबा शोधताना असे ठसे उमटत नाहीत.

ब्रश हातात घेऊन उभा राहिलो. मग बाकीचा डेक झाडला. तेवढा भाग ठेवला.

आत आल्यावर पद्मिनीने विचारलं, एवढा वेळ काय करत होतास. म्हटलं, बर्फ घट्ट बसलाय. थर्मोस्टॅट चौऱ्याहत्तरवर नेला. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

७ मार्च, शुगर लँड

नीनाचं डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, खोलीभर तिच्या मैत्रिणी. हल्ली तिला सारखं उकडतं. घरातला एसी थेट सहासष्टवर. पद्मिनी स्वेटर घालून ओटी भरत होती. मला कित्येक महिन्यांनी बरं वाटलं.

गाडीतून फळांची टोपली आणायला बाहेर गेलो. दार उघडून पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली.

दारातच थांबलो. नेपरव्हिलला वाफ आत येताना धरते. इथे बाहेर जाताना धरली.

"बाबा, क्लोज द डोअर. एसी चाललाय बाहेर."

"एक मिनिट."

"बाबा, व्हॉट आर यू डूइंग?"

"वाफ बघतोय."

नीना आईला म्हणाली, "आई, ही इज लुकिंग ॲट वाफ." पद्मिनी म्हणाली, बघू दे.

सगळे गेल्यावर पद्मिनी मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसली होती, स्वेटर काढून. मी शेजारी बसलो. घाम येत होता.

"इथे फरक असतो," मी म्हणालो.

"कसला?"

"आतल्या आणि बाहेरच्या हवेतला. आपल्याकडे तो हिवाळ्यातच मोठा मिळतो. इथे बाहेर ऊन आणि आत एसी, वर्षातले बहुतेक महिने. खिडकीच्या काचेवर पट्टी लावली तर माणसाच्या दंडाचीही गरज नाही. शास्त्रीयदृष्ट्या या कामाला शुगर लँड जास्त योग्य आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. "पैज तू जिंकलास."

"म्हणून तर मला ठरवता येतंय. हरलो असतो तर यावं लागलं असतं."

"तुला ऊन सोसत नाही."

"ऊन म्हणजे गरम बाजू. ती लागतेच."

"आणि हार्डवेअरचं दुकान?"

तिला ते कसं माहीत कोण जाणे. "इथेही असेल. नाव सांगायला काय लागतं?"

 तिचा हात माझ्या हातावर होता आणि तो गार नव्हता. मग ती म्हणाली, "वा."

तो 'वा' मी ओळखतो. डिसेंबरात ऐकला होता. तो दिवस काढून ही वही परत वाचायला हवी. त्या निऱ्या कुणाला सुचल्या याबद्दल मला आता शंका येते आहे.

९ मार्च

नीनाच्या रस्त्यावरचं घर पाहिलं. जिना नाही. गॅरेज मोठं आहे.

"माझी गाडी आत राहणार ना?" पद्मिनीने विचारलं.

"इथे बर्फ पडत नाही."

"शैलेंद्र."

"राहील."

थर्मोस्टॅट कुठे आहे ते आम्हा दोघांना एकदमच दिसलं. इथे मी सहासष्ट म्हणणार आणि ती अठ्ठ्याहत्तर. वाद सात अंशांचा होता तो बारांवर गेला. पट्टीला मात्र आत गार हवं, तेव्हा तिचंच थोडं कमी करून घ्यावं लागेल.

एक तांत्रिक अडचण आहे. तिकडे गरम बाजू आत होती आणि गार बाहेर. इथे उलट. त्यामुळे वीजही उलट्या दिशेने वाहील आणि दिवा लागणार नाही.

पट्टीत काहीच बदलायला नको. लाल तार काळीच्या जागी आणि काळी लालच्या. एवढंच.